आधी व्हिगर की आधी स्ट्रेंग्थ?

एल्डन रिंग या व्हिडिओ गेममध्ये सुरुवातीच्या तीस-चाळीस लेव्हलचे रून्स (शत्रू मारून मिळणारं, लेव्हल वाढवायचं चलन) कुठं टाकायचे, जीव वाढवणाऱ्या व्हिगरमध्ये की फटका वाढवणाऱ्या स्ट्रेंग्थमध्ये, यावर माझं आणि नांदेडच्या आतेभावाचं अजून एकमत झालेलं नाही. त्याचं म्हणणं, समोरचाच लवकर मेला तर आपला जीव वाढवून करायचंय काय? मीही आधी त्याच्याच वाटेनं गेलो होतो, त्यामुळं त्याला येडं म्हणायचा हक्क मला नाही.

दोघांचाही व्हॅगाबाँड, म्हणजे सुरुवातीला निवडायच्या योद्ध्यांपैकी एक. त्याचा व्हिगर १५, स्ट्रेंग्थ १४. स्ट्रेंग्थवाल्यांची बाजू कच्ची आहे असं नाही. जड तलवारीचा एक फटका बसला की समोरचा भेलकांडतो, त्याची मजा वेगळीच. आणि हत्याराला लागणाऱ्या किमान स्ट्रेंग्थची अट पूर्ण नसेल तर ते हातात असून नसल्यासारखं. फक्त एक हिशेब बरेच जण विसरतात: दोन्ही हातांनी धरलं की स्ट्रेंग्थ दीडपट धरतात. झ्वाइहँडर ही जड तलवार १९ मागते, म्हणजे दोन हातांनी १३ वर भागतं. तेवढी स्ट्रेंग्थ व्हॅगाबाँडकडं पहिल्या दिवसापासून आहे. ३१ मागणारी ग्रेटस्वोर्डसुद्धा २१ वर उचलते. त्याच्यापुढं सुरुवातीला टाकलेल्या पॉइंटनं फटका किती वाढतो म्हणाल, तर मला खेळताना तरी जाणवला नाही. जाणवतो तो स्मिदिंग स्टोनचा, म्हणजे हत्यार सुधारायच्या दगडांचा फरक. सुरुवातीलाच लागणाऱ्या चर्च ऑफ एलेहच्या ऐरणीवर हत्यार +३ पर्यंत आपलं आपल्याला ठोकून घेता येतं, आणि त्याचे रून्स म्हणजे लेव्हलच्या मानानं चिल्लर.

व्हिगर मात्र कंटाळवाणा. पॉइंट टाकला तरी दिसायला काहीच नवीन नाही, वरची लाल पट्टी बोटभर लांब होते एवढंच. पण जिवाचे आकडे बघा: व्हिगर २५ ला ८००, ४० ला १,४५०, ६० ला १,९००. म्हणजे २५ ते ४० मध्ये पॉइंटमागं त्रेचाळीसेक मिळतात, ४० नंतर त्याच्या निम्मे. कुठवर जायचं आणि कुठं हात आवरायचा, ते यातच आलं.

माझा निकाल मात्र आकड्यांनी लागला नाही, नळानं लागला. आम्ही लातूरचे. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं गाव, त्यामुळं घरात नळ आला की बाकी सगळं बंद. आणि या गेमला थांबवायचं बटणच नाही. मेनू उघडा, मॅप उघडा, मागं सगळं चालूच. गेममधल्या स्टॉर्मव्हेल किल्ल्यात होतो, खिशात आठ-नऊ हजार रून्स. मागून आईची हाक, "नळ आला, मोटर लाव!" एका भिंतीआड उभा राहिलो आणि उठलो. पाइप जोडून, हौदात सोडून आलो तर पडद्यावर 'यू डाइड'. बरं, पडलेले रून्स उचलायला गेलो, तर वाटेत एका नाइटनं दोन फटक्यांत झोपवलं. दुसऱ्यांदा मेलं की आधीचे गेलेच. त्या दिवशी पाणी भरपूर मिळालं, एवढंच काय ते समाधान.

तिथून पुढं आलेला प्रत्येक रून व्हिगरमध्ये. चाळीस झाल्यावर पुन्हा तसाच प्रसंग आला. परत येऊन बघतो तर एक शिपाई निवांत तलवार खुपसतोय आणि पट्टी अजून अर्धी शिल्लक. ओल्या हातानंच कंट्रोलर उचलला, लोळून बाजूला झालो, जीव भरून काढणारा फ्लास्क प्यायलो आणि त्याला आडवा केला.

तुमच्या घरी रोज पाणी येत असेल, कुणी हाक मारत नसेल आणि लोळण्याचं टायमिंग पक्कं असेल, तर आधी स्ट्रेंग्थ घेऊनही निभावेल. निभावणारे मी पाहिलेत. चुकलंच तर रेनाला या बॉसला हरवल्यावर तिला लार्व्हल टिअर नावाची वस्तू देऊन सगळे पॉइंट पुन्हा वाटून घेता येतात. फक्त ते टिअर मोजकेच आहेत, उगाच उधळू नका. मला विचाराल तर हत्याराची अट भागेल एवढी स्ट्रेंग्थ, मग व्हिगर ४० पर्यंत, आणि मग काय हौस करायची ती करा.

आतेभावानं मागच्या महिन्यात नवीन कॅरेक्टर सुरू केलं. "व्हिगर किती ठेवलास?" म्हणून विचारलं.

"बत्तीस," म्हणाला. "पण ते चुकून झालंय."