कुंडीबाहेर पडलेलं ऑर्किड: नवी कुंडी, शेजारची कुंडी की आंब्याचं खोड?

ऑर्किडचा नवा कोंब काठ ओलांडून हवेत लोंबायला लागला की आपले हात शिवशिवतात. पण आधी झाड कोणतं ते पाहा. फॅलेनॉप्सिसची मुळं कुंडीबाहेर येतातच. तेवढ्यासाठी कुंडी बदलू नका. व्हँडाला लाकडी टोपली पुरते. खरा प्रश्न कॅटलिया, ऑन्सिडियम आणि डेंड्रोबियमचा. यांचं खोड आडवं सरकतं, नवं कांडं जुन्याच्या पुढे येतं, आणि काही वर्षांत झाड कुंडीबाहेर जातं. मागे उरलेली कांडी बिनपानांची असली तरी हिरवी असतील तोवर झाडाचा साठा त्यांत असतो. ती फेकू नका.

नवी कुंडी

सगळ्यात मेहनतीचं काम हेच, आणि चुकतंही इथेच. माझ्या कॅटलियाची मुळं मातीच्या कुंडीला घट्ट चिकटली होती. पहिल्या वेळी मी सुरीने खरवडून काढली. मुळांचं पांढरं, स्पंजासारखं आवरण सुरीबरोबर निघून आलं आणि हातात नुसते दोरे उरले. ते झाड पुढे दोन वर्षं फुललं नाही. पुढच्या खेपेला कुंडी तासभर पाण्यात बुडवली, मग हातोडीने फोडली आणि मुळांसकट खापऱ्या तशाच नव्या कुंडीत बसवल्या. महिन्याभरात नवी मुळं दिसली.

झाड विभागायचं असेल तर एका तुकड्यावर निदान तीन-चार कांडी हवीत. सुरी ज्योतीवर तापवून घ्या. जुनी बाजू काठाला टेकवा, वाढतं टोक मधोमध येऊ द्या, म्हणजे पुढची दोन वर्षं निघतात. कुंडी मोठ्या मापाची नको, जादा भरण (मातीऐवजी कुंडीत भरतो ते कोळसा, सोडणं वगैरे) आत ओलं राहून मुळं कुजतात. हवेत वाढलेली मुळं जबरदस्तीने खाली दाबू नका, तीही बहुतेक कुजतात. आणि झाड काठीला बांधा. हलतं झाड मूळ धरत नाही.

भरण काय? माती नकोच. पुण्यात मी कोळसा आणि विटांच्या तुकड्यांत नारळाची थोडी सोडणं मिसळते, कारण नुसता कोळसा एप्रिलच्या उन्हात दुपारपर्यंत कोरडा पडतो. कोकणात उलट: पावसात सोडणं लवकर कुजतात, तिथे ती कमीच बरी. सोडणं तीन-चार दिवस पाणी बदलत भिजवावीत, त्यातला क्षार आणि तांबडा अर्क निघून जातो.

झाडाचं खोड

माहेरी कोकणात अंगणातल्या आंब्यावर आईने डेंड्रोबियम बांधलंय, ते माझ्या गॅलरीतल्या कोणत्याही कुंडीपेक्षा जोमात आहे. सह्याद्रीत मे-जूनमध्ये फुलणारी सीतेची वेणी, म्हणजे तिथलं रानातलं ऑर्किड, अशीच फांदीला धरून, मुळं उघडी टाकून जगते. (जंगलातली मात्र ओरबाडून आणू नका, तिथेच राहू द्या.) आंबा, फणस चालतात, साल खरबरीत असते. पेरू नको, त्याची साल सुटते. सुतळीने बांधा, ती कुजेपर्यंत मुळांनी खोड धरलेलं असतं. सकाळचं ऊन मिळेल अशी पूर्वेची बाजू निवडा, आणि जूनच्या तोंडावर बांधा, म्हणजे पहिले चार महिने पाणी घालायचं काम पाऊस करतो.

पण फ्लॅटमध्ये लाकडाच्या ओंडक्यावर बांधणार असाल तर उन्हाळ्यात रोज, कधी दोनदा पाणी लागेल. चार दिवस गावाला गेलात की झाड सुरकुततं. घरी कोणी नसेल तर हा मार्ग मी सुचवणार नाही.

शेजारची कुंडी

हा मार्ग फारसा कोणी सांगत नाही, पण नवख्या माणसाला मी आधी हाच सांगते. जुनी कुंडी हलवायची नाही. बाहेर आलेल्या कोंबाखाली भरलेली दुसरी कुंडी टेकवायची आणि दोन्ही तारेने बांधायच्या. नवी मुळं आपणहून तिच्यात उतरतात. तिकडे तीन कांडी झाली की मधला दुवा कापायचा. झाडाला धक्का जवळजवळ बसत नाही. जागा मात्र दुप्पट लागते. आणि एक अट: जुन्या कुंडीचा वास घ्या. आंबूस, कुजका वास आला, किंवा बोट घातल्यावर भरण चिखलासारखं लागलं, तर हा मार्ग बाद. मग कुंडी बदलायलाच हवी.

कधी?

तिन्ही मार्गांत मी कोंबाच्या बुडाकडे बघते. तिथून नवी मुळं फुटून त्यांचं हिरवं टोक बोटाच्या पेराच्या अर्ध्याएवढं झालं की तो आठवडा चुकवू नये. त्याआधी हलवलं तर झाड नुसतं बसून राहतं. मुळं लांब झाल्यावर हलवलं तर ती नाजूक टोकंच मोडतात. फुलं असताना तर हात लावू नका. नव्या कुंडीत बसवल्यावर आठवडाभर फक्त फवारणी, पाणी नाही, म्हणजे मुळांच्या जखमा सुकतात.

घरापुढे आंबा असेल तर मी जून गाठेन. भरण कुजलं असेल तर मूळ फुटताच कुंडी बदलेन. भरण चांगलं असेल आणि हात बसलेला नसेल तर शेजारची कुंडी. माझ्या ऑन्सिडियमच्या कोंबाला अजून मूळ फुटलेलं नाही. त्याच्याखाली दुसरी कुंडी मी परवाच भरून ठेवली आहे.