खाण की वाफ? अथाबास्कातल्या दोन नोकऱ्या

कॅनडात अल्बर्टाच्या अथाबास्का भागातल्या तेलवाळूत (डांबरासारखं घट्ट तेल, म्हणजे बिटुमेन, मिसळलेली वाळू) प्रोसेस इंजिनिअर म्हणून शिरायचं तर कंपनी कोणती, यापेक्षा पद्धत कोणती हे आधी ठरवावं. फोर्ट मॅकमरीच्या उत्तरेला उघड्या खाणी, दक्षिणेला कॉंकलिनकडे सॅगडीचे (SAGD, म्हणजे जमिनीत वाफ सोडून बिटुमेन पातळ करून विहिरीतून काढणं) पॅड, म्हणजे विहिरींचे तळ. कॅम्प आणि उणे ४० ची थंडी दोन्हीकडे आहेच.

खाणीत सगळं डोळ्यांसमोर घडतं, हे तिथलं सुख. ४०० टनी डंपर, क्रशर, गरम पाण्यातला लगदा आणि सेपरेशन सेलमध्ये वर येणारा फेस. त्यात ढोबळमानाने ६० टक्के बिटुमेन, ३० टक्के पाणी, बाकी माती. बॅरलमागे सुमारे २ टन वाळू उपसावी लागते, पण तिच्यातलं ९० टक्क्यांच्या आसपास बिटुमेन हाती लागतं. सॅगडीत जमिनीतलं निम्मं-साठ टक्के निघालं तरी चांगलं. नवख्याला शिकायला खाण बरी, हे मान्यच.

पण बिटुमेन काढल्यावर तलावांत सोडलेला गाळ! धुतलेली वाळू पटकन खाली बसते. केओलिनाइट, इलाइटची बारीक माती बसत नाही. ज्या कॉस्टिक सोड्यामुळे बिटुमेन वाळूपासून सुटतं, त्याच्याचमुळे मातीचे कण एकमेकांना धरत नाहीत. काही वर्षांत गाळ वजनाने ३०-३५ टक्के घन होतो आणि तिथेच अडतो, पातळ दह्यासारखा. कणांच्या गुठळ्या व्हाव्यात म्हणून पॉलिमर घालावा तर डोस मातीच्या प्रमाणावर, आणि ते प्रमाण खाणीच्या प्रत्येक कोपऱ्यात वेगळं. कमी पडला तर पाणी गढूळ राहतं. बरोबर पडला तरी पुढचा पंप गुठळ्या फोडून टाकतो. अल्बर्टाच्या ऊर्जा नियामकाच्या २००९ च्या डायरेक्टिव्ह ०७४ ने कंपन्यांना गाळ आटवण्याची उद्दिष्टं दिली, ती गाठता आली नाहीत, २०१५ मध्ये तो गुंडाळला आणि २०१६ मध्ये ०८५ आला. तलावांत आज १ अब्ज घनमीटरहून जास्त द्रव गाळ आहे. २००८ मध्ये अशाच एका तलावात उतरून १,६०० बदकं मेली होती.

सॅगडीची डोकेदुखी निराळी. साधारण ५ मीटर अंतराने एकावर एक दोन आडव्या विहिरी. पहिले तीनेक महिने दोन्हींत वाफ फिरवायची, मग वरून वाफ, खालून तेल. रोजची नजर सबकूलवर, म्हणजे खालच्या विहिरीतला द्रव त्या दाबाच्या वाफेपेक्षा किती अंश थंड आहे त्यावर. तो फार घसरला की वाफ थेट लायनरमध्ये, म्हणजे विहिरीतल्या बारीक फटींच्या नळीत, घुसते, फटी झिजतात, वाळू येऊ लागते. दुसरी नजर पाण्यावर. बॉयलर मुद्दाम २० टक्क्यांच्या आसपास पाणी वाफ न करता सोडतात, क्षार त्यातून बाहेर पडावेत म्हणून. सॉफ्टनरमधून सिलिका निसटली की नळ्यांत खपली धरते आणि नळी तापून फुगते. शिवाय सगळा खेळ नैसर्गिक वायूवर. कार्बनच्या हिशेबात हा सॅगडीवरचा खरा डाग आहे.

तरी झुकतं माप सॅगडीलाच द्यावंसं वाटतं. इथली बहुतेक चूक त्याच आठवड्यात तापमानाच्या आलेखावर दिसते आणि चोक (विहिरीचा प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह) आवळून, वाफ कमी करून सावरता येते. खाणीतली चूक तलावात जाऊन पडते आणि पुढच्या पिढीच्या इंजिनिअरची वाट बघते. त्यात साठ्यापैकी सुमारे ८० टक्के बिटुमेन खाणीच्या आवाक्याबाहेर खोल आहे, तेव्हा नवे पॅड निघत राहतील.

मुलाखतीत सॅगडीवाल्यांना स्टीम-ऑइल रेशो, म्हणजे एका बॅरल तेलामागे किती बॅरल पाण्याची वाफ लागते, ते विचारा: अडीचच्या आत असेल तर उत्तम, ४ च्या वर असेल तर विचार करा. बॉयलरच्या नळ्या वर्षातून किती वेळा साफ कराव्या लागतात, तेही. खाणवाल्यांना एवढंच विचारा, की गाळाचं काम प्रोसेस विभागाच्या गळ्यात आहे की वेगळ्या.