सेफारिया अ‍ॅप : "ताई, कशी हाय साडी?" याचं उत्तर मला इथं सापडलं

अंबाजोगाईत मी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. दुकान म्हणजे घराची पुढची खोली. लग्नसराईत बाया पिशवीतून साडी काढतात आणि माप द्यायच्या आधी विचारतात, "ताई, कशी हाय साडी?"

दोन वर्षांपूर्वी एक बाई लेकीच्या साखरपुड्याची पैठणी घेऊन आल्या. हातमागाची म्हणून १४ हजारांना घेतलेली. मी पदर उलटा केला. हातमागाची पैठणी मागूनही पुढच्यासारखीच दिसते. हिच्या मोरामागं सुटे धागे लोंबत होते. "मशीनची आहे, फसवलं तुम्हाला," असं सांगून मी मोकळी झाले. ब्लाउजपीस कापून झालेला, कार्यक्रम दोन दिवसांवर. बाईंनी साडीची घडी घातली आणि एवढंच म्हणाल्या, "पोरीला सांगू नका." मी खरं तेच बोलले होते, तरी त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

ठाण्यात माझ्या बहिणीच्या शेजारी एक मावशी राहतात. त्या बेने इस्रायली, म्हणजे मूळच्या कोकणातल्या मराठी ज्यू. त्यांना हे सांगितलं तर म्हणाल्या, "अगं, हा तर आमच्या तालमुदातला प्रश्न!" तालमुद म्हणजे ज्यूंच्या धर्मनियमांवरच्या चर्चांचा जुना ग्रंथ. मग मावशींनी मला सेफारिया घ्यायला लावलं, ज्यूंचे ग्रंथ वाचायचं अ‍ॅप.

अ‍ॅप फुकट आहे. मूळ हिब्रू-अरामी मजकूर, सोबत इंग्रजी. ओळीवर बोट ठेवलं की तिच्यावरच्या टीका, म्हणजे अर्थ उलगडणारी भाष्यं, उघडतात. मावशींनी तालमुदाच्या केतुबोत भागातलं १७ वं पान सांगितलं होतं. तिथं वाद आहे नवरीचं कौतुक कसं करावं याचा. शम्माय आणि हिल्लेल हे दोन जुने धर्मगुरू, त्यांच्या शिष्यांची ही दोन घराणी. शम्मायचं घराणं म्हणतं, जशी आहे तशी सांगा, कारण तोरात, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात, 'खोट्यापासून दूर राहा' असं लिहिलंय. हिल्लेलचं घराणं म्हणतं, प्रत्येक नवरी देखणी आणि गुणाची म्हणा. मग ते शम्मायवाल्यांना विचारतात : बाजारातून कुणी वाईट माल घेऊन आला, तर त्याच्यासमोर त्या मालाला चांगलं म्हणायचं की नावं ठेवायची? चांगलंच म्हणायचं! हे वाचलं तेव्हा हातातली कात्री मी खाली ठेवली.

पण म्हणून सगळ्याच साड्यांना छान म्हणायचं का? ते मला पटेना. त्याचं उत्तर मिश्नाच्या, म्हणजे तालमुद ज्यावर उभा आहे त्या जुन्या नियमग्रंथाच्या, बावा मेत्सिया भागात, चौथ्या अध्यायात मिळालं. किमतीच्या सहाव्या हिश्शाइतकं जास्त घेतलं असेल, तर गिऱ्हाइकाला तक्रार करता येते. मुदत किती, तर माल एखाद्या व्यापाऱ्याला किंवा नातेवाइकाला दाखवून येण्याइतकी. अहो, ती दाखवायची जागा म्हणजे माझंच टेबल की! माल परत जाऊ शकत असेल तोवर मी गोड बोलले, तर त्या बाईचं नुकसान मीच केलं. हा अर्थ माझा मी लावलाय, पण मावशींना पटला.

तालमुदाच्या येवामोत भागातलं ६५ वं पानसुद्धा वाचा. सारा मनात हसते की नवरा म्हातारा झालाय. देव तिच्या नवऱ्याला, अब्राहामाला, सांगताना 'मी म्हातारी झालेय' असं ती म्हणाली म्हणून सांगतो. घरात शांतता राहावी म्हणून शब्द बदलायला तिथं मुभा आहे. दोन पानं आधी मात्र राव नावाच्या तालमुदातल्या एका गुरूंची गोष्ट येते. ते मसूर मागायचे तर बायको वाटाणे शिजवायची, म्हणून मुलगा निरोपच उलटा द्यायला लागला. हवं ते ताटात आलं, तरी रावांनी मुलाला थांबवलं, जिभेला खोट्याची सवय लागेल म्हणून.

उणीव मोठी एकच, मराठी नाही. सगळ्या टीकांचं इंग्रजीही नाही, तिथं मला मावशींना फोन करावा लागतो. ग्रंथ उतरवून ठेवले की नेट नसतानाही वाचता येतात, हे आमच्याकडं फार कामाचं.

आता कुणी साडी दाखवली की पदराला हात लावायच्या आधी मी विचारते, "बिल कवाचंय? बदलून देतात का?" गेल्या महिन्यात एकीचं बिल कालचं निघालं. तिला धागे दाखवले आणि तशीच दुकानात परत पाठवली. दुसरी आली ती साडी नेसूनच, हळदीला निघालेली. तिचा काठ खरंच सुरेख होता, तो मी हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, "लई शोभती बघा तुम्हाला."