ओडिशातल्या कोरापुटला जाताय? 'परमिट'वाल्याला एक रुपयाही देऊ नका

गाडीचा अॅडव्हान्स ९,५००. 'बोंडा गावाचं परमिट' (बोंडा ही तिथली आदिवासी जमात) माणशी १,८००, चौघांचे ७,२००. दोन 'कोटपाड' साड्या १४,६००. एकूण ३१,३०० रुपये पाण्यात गेले.

गाइड कम ड्रायव्हर, नंबर ओळखीतूनच मिळालेला. पहिल्या दिवशी देवमाळी शिखर आणि डुडुमा धबधबा इतका नीट दाखवला की संशयाला जागाच नव्हती. बुधवारी रात्री नऊला म्हणाला, उद्या बोंडा लोक येतात त्या अंकाडेलीच्या गुरुवारच्या बाजाराला जायचं तर परमिट आत्ताच काढावं लागेल. पावती म्हणजे झेरॉक्सवर मारलेला निळा शिक्का, आणि क्यूआर स्कॅन केल्यावर नाव आलं कुण्या बाईचं. सरकारी फी खासगी खात्यात! त्या नावावरच बोट थांबायला हवं होतं. पण आई-बाबा दमलेले, सकाळी सहाला निघायचं, आणि याच माणसाने दिवसभर आईला हात धरून चढवलेलं. अशा वेळी कोण खोदून विचारतं? सकाळी फोन बंद, गाडी गायब.

बोंडांचे फोटो काढायला तिथे २०१२ पासून बंदी आहे. त्यांना 'दाखवण्याचे' पैसे मागणारा माणूस चोरच समजा.

साड्याही त्यानेच नेलेल्या दुकानातल्या. खऱ्या कोटपाडचा रंग आलाच्या, म्हणजे आपल्या बारतोंडीच्या, मुळाच्या सालीचा: लालसर, तपकिरी, काळपट. सुताला राख, शेण, एरंडेल लावून ते मुरवतात. आमच्या साड्या बादलीत टाकल्या आणि पाणी गुलाबी झालं. घ्यायचीच तर कोटपाड गावात मिरगान समाजाच्या विणकराच्या मागापाशी जाऊन घ्या. दुकानात ओला पांढरा रुमाल घासून बघा.

आणि पोलीस! तिथल्या ठाण्यात दोन तास बसवून ऐकवलं, 'पैसे तुम्हीच पाठवलेत, मग फसवणूक कसली?' पुण्यात म्हणाले, गुन्हा ओडिशातला, तिकडे जा. अहो, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्दीबाहेरचा गुन्हाही नोंदवून घ्यावा लागतो, हे मी साहेबांना सांगायचं? बँकेचं उत्तर, पिन तुम्हीच टाकलात. पर्यटन खात्याला मेल केला, साधी पोचही नाही. सगळ्यांना वाटतं, रक्कम छोटी आहे, थकून गप्प बसतील. मी बसणार नाही.

पैसे गेल्याचं कळताच आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, ठाण्यात नंतर जा. गाडीच्या नंबर प्लेटचा फोटो पहिल्याच दिवशी काढा. माझ्याकडे तो नंबर, पावती आणि क्यूआरवरचं नाव आहे. तुम्हालाही याने गाठलं असेल तर कळवा, तक्रार एकत्र करू.