एबबुक्सची शोधसेवा : ॲब्सर्ड विनोदी कादंबऱ्यांच्या संग्राहकाच्या नजरेतून

जुन्या आणि दुर्मीळ पुस्तकांच्या स्वतंत्र विक्रेत्यांना एकाच ठिकाणी आणणारे एबबुक्स हे संकेतस्थळ १९९६ मध्ये कॅनडातून सुरू झाले आणि २००८ मध्ये ॲमेझॉनने ते विकत घेतले. या सेवेचे परीक्षण येथे एका मर्यादित प्रश्नापुरते केले आहे : ॲब्सर्ड, म्हणजे तर्कविसंगतीवर उभ्या असलेल्या, विनोदी कादंबऱ्यांच्या पहिल्या आवृत्त्या जमवणाऱ्या वाचकाला ती कितपत उपयोगी पडते? माझे उत्तर असे की, पुस्तक शोधण्यासाठी तिला फारसा पर्याय नाही. पण ते पुस्तक पहिल्या आवृत्तीचेच आहे का, हे ठरवण्याच्या कामी तिच्यावर विसंबून चालत नाही.

याचे मूळ सेवेइतकेच या कादंबऱ्यांच्या नशिबातही आहे. या प्रकारातल्या कित्येक पुस्तकांचा पहिला जन्म फारच आडवळणाने झालेला असतो. फ्लॅन ओब्रायन यांची ‘ॲट स्विम-टू-बर्ड्स’ १९३९ मध्ये लाँगमन्स या प्रकाशनसंस्थेने काढली; ती जेमतेम खपली आणि उरलेला साठा १९४० च्या लंडनवरील बॉम्बहल्ल्यांत जळाला. त्यांचीच ‘द थर्ड पोलिसमन’ प्रकाशकाने नाकारल्यामुळे पंचवीसहून अधिक वर्षे पडून राहिली आणि लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षी, म्हणजे १९६७ मध्ये, छापली गेली. जॉन केनेडी टूल यांची ‘अ कॉन्फेडरसी ऑफ डन्सेस’ लेखकाच्या मृत्यूला अकरा वर्षे झाल्यावर, १९८० मध्ये, लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या प्रकाशन विभागाने जेमतेम अडीच हजार प्रतींच्या मुद्रणाने बाजारात आणली आणि पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर हे अमेरिकेतले मानाचे साहित्य पारितोषिक मिळाले. साहजिकच मूळच्या थोड्या प्रती आणि पारितोषिकानंतरची असंख्य पुनर्मुद्रणे एकाच नावाखाली, एकाच शोधयादीत, शेजारी शेजारी येऊन बसतात.

या गर्दीतून वाट काढण्यासाठी एबबुक्सने ‘पहिली आवृत्ती’, ‘स्वाक्षरी असलेली प्रत’, ‘वेष्टनासह’ (म्हणजे पुस्तकावरच्या सुट्या कागदी आवरणासह) आणि बांधणीचा प्रकार अशा चाळण्या दिल्या आहेत. दिसायला त्या सोयीच्या आहेत. परंतु त्यांत पडणारी माहिती विक्रेत्याने स्वतः भरलेली असते आणि हजारो विक्रेत्यांपैकी प्रत्येकाची पारख सारखी असणे शक्य नाही. त्याहून मोठी अडचण अशी की, चाळणी अचूक भरलेली असली तरी ती या विशिष्ट पुस्तकांना लागू पडेलच असे नाही. डग्लस ॲडम्स यांच्या ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’चेच पाहा. तिची खरी पहिली आवृत्ती म्हणजे पॅन प्रकाशनाने ऑक्टोबर १९७९ मध्ये काढलेले कागदी बांधणीचे पुस्तक. आर्थर बार्कर या प्रकाशनाची पुठ्ठा बांधणीची प्रत त्यानंतरची आणि अमेरिकन आवृत्ती १९८० ची. आता ‘पहिली आवृत्ती’, ‘पुठ्ठा बांधणी’ आणि ‘वेष्टनासह’ या तिन्ही खुणा करून शोधणाऱ्या गृहस्थांना बार्करची देखणी प्रत हमखास दिसेल आणि मूळ पुस्तक मात्र यादीतून नाहीसे होईल, तेही संगणकाने काहीच चूक केलेली नसताना.

छायाचित्रांबाबत विशेष सावध राहावे. ज्या पुस्तकांना आयएसबीएन हा पुस्तकाची ओळख पटवणारा क्रमांक आहे त्यांच्यासाठी यादीत अनेकदा त्या क्रमांकाच्या सर्व प्रतींना चालणारे सामायिक चित्र दिसते, विक्रेत्याकडच्या प्रतीचे नव्हे. पुनर्मुद्रण झाले म्हणून हा क्रमांक सहसा बदलत नाही. त्यामुळे पहिल्या आणि पंधराव्या मुद्रणाला एकच चित्र लागू शकते. स्वामित्वहक्काच्या, म्हणजे प्रकाशन-मुद्रणाचे तपशील देणाऱ्या, पानाचे छायाचित्र मागितल्याशिवाय अशी प्रत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जोसेफ हेलर यांच्या ‘कॅच-२२’च्या १९६१ च्या प्रतीत त्या पानावर पहिले मुद्रण असल्याचा उल्लेख हवा आणि वेष्टनाच्या आतल्या घडीवर ५.९५ डॉलर ही छापील किंमत हवी. घडीवर किंमतच नसेल तर ते वेष्टन बुक क्लबचे, म्हणजे सभासदांसाठी काढलेल्या स्वस्त आवृत्तीचे, असण्याचा संभव असतो. घडीचा किमतीचा कोपराच कापलेला असेल तर काहीच सांगता येत नाही. नंतरच्या मुद्रणाचे वेष्टन पहिल्या मुद्रणावर चढवण्याचा उद्योगही या व्यापारात जुनाच आहे, आणि तो ओळखणारी चाळणी अजून कोणी बनवलेली नाही.

स्वाक्षरीच्या चाळणीची गंमत आणखी वेगळी आहे. लॉरेन्स स्टर्न यांची ‘ट्रिस्ट्रम शँडी’ १७५९ ते १७६७ या काळात नऊ खंडांत निघाली. तिच्या बनावट प्रती निघू लागल्यामुळे स्टर्न यांनी पाचव्या, सातव्या आणि नवव्या खंडांच्या प्रतींवर स्वतः सही केली. म्हणजे एरवी प्रतीचे मोल कित्येक पटींनी वाढवणारी लेखकाची सही येथे केवळ अस्सलपणाची किमान अट ठरते आणि ती नसेल तरच चौकशी करावी लागते. तिसऱ्या खंडातले संगमरवरी नक्षीचे पान हाताने रंगवलेले असल्याने प्रत्येक प्रतीत निराळे असते. त्या पानाचे छायाचित्र न देणाऱ्या विक्रेत्याशी पुढचा व्यवहार बोलण्यातही अर्थ नाही.

सेवेच्या खऱ्या गुणांकडे वळायचे तर प्रगत शोधाचा उल्लेख आधी करावा लागेल. चाळण्यांना हात न लावता प्रकाशकाचे नाव आणि प्रकाशनवर्षाची मर्यादा घालून शोधले, तर निकाल एकदम सुधारतात. हव्या असलेल्या पुस्तकाची नोंद करून ठेवली की नवी प्रत यादीत येताच ईमेल येते, ही सोयही या छंदाला फार मानवते, कारण येथे मुख्य भांडवल पैशापेक्षा सबुरीचे असते. यादीतली सविस्तर वर्णने तर फुकटची शाळाच आहे : जाणत्या विक्रेत्याने एखाद्या प्रतीविषयी लिहिलेला परिच्छेद वाचून बांधणीच्या कापडाचा रंग, वेष्टनाच्या मागच्या बाजूचा मजकूर आणि मुद्रणाच्या खुणा यांविषयी पुष्कळ शिकता येते, मग ती प्रत घ्यायची असो वा नसो.

एक आक्षेप मात्र नोंदवलाच पाहिजे. २०१८ मध्ये एबबुक्सने चेक प्रजासत्ताक आणि हंगेरीसह काही देशांतल्या विक्रेत्यांना सेवा देणे थांबवण्याचे जाहीर केले, तेव्हा निषेध म्हणून जगभरातल्या शेकडो विक्रेत्यांनी आपली पुस्तके यादीतून काढून घेतली आणि कंपनीला माघार घ्यावी लागली. चेक लेखक यारोस्लाव्ह हाशेक यांच्या ‘श्वेइक’ या कादंबरीच्या मूळ चेक प्रती शोधणाऱ्याने हा प्रसंग ध्यानात ठेवावा. अशा पुस्तकांसाठी निरनिराळ्या संकेतस्थळांवरच्या याद्या एकत्र धुंडाळणारे व्हायालिब्री हे शोधयंत्र आधी वापरावे, आणि पसंत पडलेल्या विक्रेत्याचे स्वतःचे संकेतस्थळ असेल तर व्यवहार थेट त्याच्याशीच करावा.