ट्रेलरचं सुटलेलं पोट आणि माझे १,६५० डॉलर

आधीच सांगतो, यात चूक माझी पण आहे, त्यामुळे "एवढं कसं कळलं नाही तुला" हे कुणाला विचारायचं असेल तर ते बायकोने विचारून झालंय, बऱ्याच वेळा. तरी लिहितोय कारण आमच्या ओळखीतल्या दोघांनी नुकतेच ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायची फिरती घरं, घेतलेत, तिसरा घ्यायच्या बेतात आहे, आणि तिघांनाही गाडीच्या खाली वाकून बघायची सवय नाही, जशी मला पण नव्हती.

आम्ही टेक्सासमध्ये ऑस्टिनजवळ राहतो. आमचा जुना ३२ फुटी फिफ्थ व्हील आहे, म्हणजे तो मोठा ट्रेलर ज्याचं नाक पिकअपच्या मागच्या हौद्यातल्या हिचवर बसतं. मार्चच्या शेवटी ब्लूबॉनेटची फुलं बघायला फ्रेडरिक्सबर्गला निघालो, हायवे २९० ने, आणि वाटेत जॉन्सन सिटीला डिझेल भरत होतो तेव्हा पोरगा खाली वाकून म्हणाला, "बाबा, आपल्या ट्रेलरचं पोट सुटलंय." बघतो तर खालचा काळा पत्रा मधोमध चांगला लोंबत होता. हाताने वर दाबला तर आत पखालीसारखं डुचमळलं आणि जोडातून पाण्याची धार माझ्या बाहीत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ट्रेलरच्या फरशीखाली सगळा संसार असतो, ताज्या पाण्याची टाकी, सिंक आणि शॉवरच्या पाण्याची ग्रे टाकी, संडासाची ब्लॅक टाकी, पाइप, वायरी, हीटरची नळी, आणि त्याच्या खाली कापसासारखं फायबरग्लासचं इन्सुलेशन. हे सगळं झाकायला खालून कोरोप्लास्ट मारतात. आपण पत्रा म्हणतो पण ते पोकळ प्लॅस्टिक असतं, इथे निवडणुकीत लोक लॉनवर बोर्ड लावतात ना, तेच. लोखंडी फ्रेमला स्क्रू आणि मोठ्या वॉशरने धरलेलं असतं. ते कधी वाऱ्याने स्क्रू उपटून सुटतं, पण लोंबून पाणी गळायला लागलं म्हणजे वरून काहीतरी त्यावर येऊन साठतंय. एवढं साधं आहे. त्या दिवशी मला हे माहीत नव्हतं.

आणि गंमत म्हणजे लक्षण महिनाभर कानावर पडत होतं. रात्री सगळे नळ बंद असताना पाण्याचा पंप अधूनमधून दोन सेकंद टरटर करायचा आणि गप्प व्हायचा. मला वाटायचं जुना पंप आहे, करतो आवाज. नळ बंद असताना पंप चालू होतो म्हणजे लाइनमधलं प्रेशर कुठून तरी जातंय, हे मला नंतर कळलं.

कॅम्पग्राउंडच्या लाँड्रीत बोर्डावर एक कार्ड टाचलेलं होतं, मोबाइल आरव्ही रिपेअर, म्हणजे जागेवर येऊन असे ट्रेलर दुरुस्त करणारा. फोन केला, माणूस पाऊण तासात हजर. बोलायला एकदम गोड, पोरांशी गप्पा, सोबत कुत्रा, पोरं लगेच खूश. टॉर्च घेऊन खाली आडवा झाला, फार तर अर्धा मिनिट, आणि उठून म्हणाला की टेक्सासच्या उन्हाने हे प्लॅस्टिक सगळ्यांचंच जातं, आतलं भिजलेलं इन्सुलेशन काढून नवीन घालतो, अख्खी शीट नवीन टाकतो, १,६५० डॉलर, आजच्या आज. निम्मे आधी, झेलने (फोनवरून थेट एका बँकेतून दुसऱ्या बँकेत), कारण कार्डाचं मशीन दुकानात राहिलंय. वर असंही म्हणाला की केमिकलचा वास येतो, पोरांना घेऊन फिरून या. अडला हरी गाढवाचे पाय धरी, आम्ही गेलो एन्चँटेड रॉक चढायला.

चारला परत आलो तर खाली सगळं काळंभोर, नवंकोरं, सपाट. त्याने फोनवर कामाचे सहा फोटो पाठवले, उघडलेली फ्रेम, नवीन गुलाबी इन्सुलेशन, वगैरे. मी उरलेले पैसे पाठवले आणि वर त्याला थंड कोक पण दिला.

रात्री सांगलीला व्हिडिओ कॉल. बाबा ३१ वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "पाणी कुठनं येत होतं?" मी म्हटलं बाबा, पत्रा नवीन टाकलाय आता. "पत्रा टाकलास रे, पण पाणी कुठनं येत होतं?" मी विषय बदलला.

तीन आठवड्यांनी घरी ड्राइव्हवेमध्ये उभ्या ट्रेलरचं पोट परत सुटलं. या वेळी शेजारचे एक आजोबा मदतीला आले, आयुष्यभर ट्रक चालवलेला माणूस, त्यांनी आधी चाकांना गुटके लावले, खाली स्टँड लावले आणि मगच मला खाली जाऊ दिलं. स्क्रू काढायला घेतले तर दर दोन फुटांवर एक, वॉशर नाहीत, निम्मे हातानेच फिरत होते. शीट खाली आली आणि तिच्यावर जुनीच शीट. तीच, फाटलेली. त्याने ती काढलीच नव्हती, खालून दुसरी मारली होती फक्त, आणि मधल्या फटीत स्प्रे फोम भरला होता, म्हणजे पाणी निघून जायला जी काही वाट होती ती पण बंद. वर भिजलेलं इन्सुलेशन जसंच्या तसं, काळं पडलेलं, जुन्या तळघराचा वास. वरून कीर्तन आतून तमाशा म्हणतात ते हेच. एका कोपऱ्यात फाटलेल्या ठिकाणी टेप लावली होती, ती बोट लावताच सालासारखी निघाली, कारण कोरोप्लास्ट म्हणजे पॉलीप्रॉपिलीन, त्याला साधी टेप धरतच नाही. आणि एक लांब स्क्रू ग्रे टाकीपासून बोटभर अंतरावर थांबलेला. तो बघून आजोबांनी जी शिवी दिली ती इथे लिहीत नाही.

दोन बादल्या पाणी निघालं. मग पंप चालू करून मी टॉर्च घेऊन आडवा पडलो आणि पाच मिनिटांत दिसलं, लाइन रिकामी करायला खाली ड्रेनचा नळ असतो त्याच्या वरच्या पेक्स एल्बोवर, म्हणजे प्लॅस्टिक पाइपच्या काटकोनी जोडावर, एक थेंब फुगायचा, चार सेकंद लोंबायचा, पडायचा. परत दुसरा. आठ डॉलरचा पार्ट.

मग फोटो नीट बघितले. आमची फ्रेम काळी आहे, फोटोतली करडी. एका फोटोच्या कडेला ओळीने तीन चाकं दिसतात, आमच्या ट्रेलरला एका बाजूला दोनच आहेत. हे मी त्याच संध्याकाळी बघू शकलो असतो, कोक देण्याआधी.

फोन केला तर दोनदा "उद्या येतो", मग नंबरच बंद. बँक म्हणाली पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, झेलचे परत येत नाहीत, कार्डाने दिले असते तर तक्रार करून अडवता तरी आले असते. टेक्सासच्या छोट्या कोर्टात २०,००० डॉलरपर्यंतचा दावा लावता येतो, पण दावा लावायचा कुणावर, त्याच्या पावतीवर ना धंद्याचं पूर्ण नाव ना पत्ता, नुसतं पहिलं नाव आणि रक्कम.

त्यामुळे आता कुणी आला की मी आधी त्याच्यासमोर पंप चालू करतो आणि गळती दाखव म्हणतो, जुनी शीट आणि जुनं इन्सुलेशन इथेच ठेवून जा म्हणतो, बंद करायच्या आधी मला बोलव म्हणतो आणि तोवर खुर्ची टाकून बसतो. आरव्हीटीआय किंवा एनआरव्हीटीए या ट्रेलर दुरुस्ती शिकवणाऱ्या संस्थांचं सर्टिफिकेट विचारतो, यातल्या दुसऱ्यांचं ट्रेनिंग सेंटर तर इथेच टेक्सासमध्ये अथेन्सला आहे. एक जण यावर चिडून निघून गेला, जाऊ दे.

आमचं काम शेवटी मी आणि आजोबांनीच केलं, दोन शनिवार-रविवार, एल्बो बदलला, आठवडाभर उघडं ठेवून वाळवलं, नवीन इन्सुलेशन, मोठे वॉशर, आणि शीटला आधार म्हणून मधे अॅल्युमिनियमच्या पट्ट्या आडव्या. लाँड्रीतल्या त्या कार्डावर जो पत्ता होता त्यावर मी रजिस्टर पत्र पण पाठवलं होतं, ते स्टिकर लागून परत आलं. फोटो अजून फोनमध्ये आहेत. त्या करड्या फ्रेमवाल्याचं काम तरी त्याने खरंच केलं होतं का, की ते फोटो पण आणखी कुणाचे, देव जाणे.