घरच्या कॉम्प्युटरला यूपीएस घेताना ६०० व्हीए की ११०० व्हीए, आमचा अनुभव

आमच्याकडे बार्शीत मे महिना लागला की संध्याकाळी वळवाचं वारं सुटतं आणि लाईट गेलीच म्हणून समजा, कधी पाच मिनिटं कधी दोन तास. बायको घरून जीएसटीची कामं करते, २० तारीख म्हणजे ३बी हे महिन्याचं रिटर्न भरायचा शेवटचा दिवस, आणि गेल्या वर्षी नेमकं त्याच संध्याकाळी लाईट गेली आणि जुन्या यूपीएसनं एक मिनिटपण दम धरला नाही. कॉम्प्युटर बंद, हिशोबाची डेटा फाइल करप्ट. रात्री दीडपर्यंत ती परत एंट्र्या मारत बसली होती, बघवत नव्हतं. तेव्हाच ठरवलं की आता नीट माहिती काढूनच घ्यायचं.

जुना ६०० व्हीएचा होता, घेताना दुकानदार म्हणाला होता तासभर आरामात चालतो. बॉक्सवर मोठ्या अक्षरात व्हीए (व्होल्ट-अँपिअर) लिहिलेलं असतं पण आपल्याला बघायचं असतं वॉट, ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॉट. आणि वॉटवरून पण फक्त लोड किती उचलेल तेवढंच कळतं, किती वेळ चालेल ते आतल्या बॅटरीवर आहे. ६०० मधे १२ व्होल्ट ७ एएचची (एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीत किती साठतं त्याचं माप) एकच बॅटरी असते, गुणाकार केला तर ८४ वॉट-अवर. पण ते ७ एएच म्हणजे २० तासांत हळूहळू वापरली तर, आपण अर्ध्या तासात सगळी ओढतो त्यामुळे हाताला निम्मी किंवा थोडी जास्त एवढीच लागते. म्हणजे १०० वॉटच्या लोडला नवी असताना पंचवीसेक मिनिटं, आणि तीन वर्षं झालेल्या बॅटरीचं काय होतं ते आम्ही बघितलंच.

म्हणून आधी लोड मोजला. प्लगमधे लावायचा वॉटमीटर मिळतो, मित्राकडून आणला. ग्राफिक्स कार्ड नसलेला सीपीयू ६५ ते ८०, मॉनिटर २२, फायबरचा राउटर १० च्या आत, सगळं मिळून जेमतेम ११० वॉट. हे बघून मी चाटच पडलो कारण मला वाटत होतं तीन-चारशे तरी असेल. म्हणजे वॉटसाठी ६०० व्हीए भरपूर झाला असता, आम्हाला पाहिजे होता वेळ, आणि वेळ पाहिजे तर बॅटरी जास्त पाहिजे.

दुकानात एपीसी, ल्युमिनस, मायक्रोटेक सगळे होते, आम्ही एपीसीचा ११०० व्हीए, ६६० वॉटवाला घेतला. या साइजमधे सहसा दोन बॅटऱ्या असतात, घ्यायच्या आधी तेवढं विचारून घ्याच. पहिल्या दिवशी रात्रभर चार्जिंगला ठेवला, दुसऱ्या दिवशी मेन स्विच बंद करून घड्याळ लावून बसलो. ४२ मिनिटं चालला, सगळं चालू असताना. मी खूश आहे. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पण डाऊन असतं, तेव्हा आतला रिले टक्क करतो आणि तो स्वतःच व्होल्टेज वाढवून देतो, बॅटरी वापरतच नाही. याला लाइन इंटरॅक्टिव्ह म्हणतात, वेगळा स्टॅबिलायझर लागत नाही.

एक गोष्ट मात्र सांगायलाच पाहिजे. या रेंजचे यूपीएस बॅटरीवर असताना प्युअर साइन वेव्ह, म्हणजे घरच्या लाईटसारखी सलग गुळगुळीत लाट, देत नाहीत, स्टेप असलेली वेव्ह देतात. आमच्या साध्या एसएमपीएसला, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या पॉवर सप्लायला, काही फरक पडला नाही, पण गेमिंगचा पीसी असेल आणि त्यात अ‍ॅक्टिव्ह पीएफसीवाला (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट असलेला) एसएमपीएस असेल तर काही वेळा यूपीएस असूनसुद्धा पीसी बंद पडतो, त्यांनी प्युअर साइन वेव्हवाला बघावा, महाग आहे पण. लेझर प्रिंटर यूपीएसला लावूच नका, गरम होताना एकदम इतका लोड घेतो की यूपीएस ओव्हरलोड होतो, आमचा आम्ही भिंतीच्या सॉकेटला लावलाय.

घरात इन्व्हर्टर आहे मग यूपीएस कशाला असं भाऊजींनी विचारलं होतं. इन्व्हर्टरला मागे यूपीएस मोडचं बटण असतं, त्यावर ठेवला तर बऱ्याचदा कॉम्प्युटर टिकतो, साध्या मोडवर ठेवला तर लाईट गेल्यावर बदलायला जो क्षणभर वेळ लागतो तेवढ्यात रिस्टार्ट होऊ शकतो. आणि जुना स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर असेल तर यूपीएसला ती लाईन नीट वाटतच नाही, तो आपला बॅटरीवरच राहतो आणि थोड्या वेळाने संपतो. साइन वेव्हचा असेल तर इन्व्हर्टरच्या लाईनवर यूपीएस लावा, दोन तास लाईट नसली तरी चिंता नाही.

गेल्या २० तारखेला परत तसंच वारं, पावणेआठला लाईट गेली. राउटर पण यूपीएसवरच असल्यामुळे नेट चालू राहिलं, तिनं उरलेली दोन रिटर्न भरली, एआरएन नंबर (रिटर्न भरल्याची पोच) आले, मग शांतपणे कॉम्प्युटर बंद करून बाहेर ओट्यावर येऊन बसली.

ठेवायची जागा नीट बघा. टेबलाखालच्या बंद कप्प्यात किंवा खिडकीच्या उन्हात नको, तापमान १० अंशांनी वाढलं की अशा बॅटरीचं आयुष्य जवळपास निम्मं होतं, आणि आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहितीये. दोन-तीन वर्षांनी बॅटरी बदलावी लागणार हे धरूनच चाला, पूर्ण यूपीएस टाकायची गरज नसते. बदलताना बॅटरी कधी बनलीये ते बघून ताजी मागा, वर्षभर दुकानात पडलेली नको. जुन्या बॅटरीत शिसं असतं, कचऱ्यात टाकू नका, बॅटरीच्या दुकानात देऊन टाका, नवीन घेताना थोडे पैसे पण कमी करतात.